पारा : घरातील अदृश्य धोका

मराठी माणसाच्या बोलण्यात पारा नित्याचा आहे. कोणी रागावला की त्याचा पारा चढतो. उन्हाळ्यात विदर्भातील पारा किती अंशांवर गेला, याची वार्ता वर्तमानपत्रांत रोज झळकते. चंचल मनाला तर पाऱ्याची उपमा ठरलेलीच आहे. अशा या परिचयामुळेच की काय, या धातूविषयी जनमानसात कुतूहल पुष्कळ आणि जाण मात्र थोडी आहे. थर्मामीटर फुटला की घरंगळणारे रुपेरी मणी गोळा करून मुलांच्या तळहातावर खेळावयास देणारी घरे एके काळी कमी नव्हती. उलट, एखाद्या मुलाने थर्मामीटर चावला व पारा पोटात गेला, तर त्याच घरात हाहाकार उडतो.

वस्तुतः या दोन्ही प्रसंगी सर्वसामान्यांचा समज नेमका उलटा असतो. गिळलेला मणी बहुधा अपाय न करता शरीराबाहेर पडतो. फरशीच्या फटीत राहून गेलेला मणी मात्र कित्येक दिवस घरातील हवा दूषित करीत राहतो. पाऱ्याचे जे रूप डोळ्यांना दिसते त्यापेक्षा न दिसणारे रूप अधिक घातक असते, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने विशेष चिंताजनक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने जी दहा रसायने व रसायनगट निवडले आहेत, त्यांत पाऱ्याचा समावेश आहे.

एक धातू, तीन रूपे

पारा हा सामान्य तापमानास द्रवरूप असणारा धातू होय. तो पाण्याच्या साडेतेरा पट जड असून सुमारे ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. तथापि पाणी जसे न उकळताही वाळते, तशी पाऱ्याची वाफही खोलीच्या साध्या उष्णतेत होत असते. या वाफेला रंग नाही व वासही नाही. त्यामुळे ती आहे हे कोणालाही कळत नाही.

शरीरावर होणाऱ्या परिणामांच्या दृष्टीने पाऱ्याची तीन रूपे मानली जातात. पहिले रूप धातुरूप पाऱ्याचे. तो गिळला गेल्यास आतड्यांतून दहा हजारांत एक भागाहूनही कमी शोषला जातो. परंतु त्याची वाफ श्वासावाटे आत गेली, तर सुमारे ८० टक्के फुप्फुसांतून रक्तात उतरते व मेंदूपर्यंत पोहोचते. दुसरे रूप पाऱ्याच्या क्षारांचे. यांचा मुख्य आघात मूत्रपिंडावर होतो. तिसरे रूप सेंद्रिय पाऱ्याचे. त्यांपैकी मिथिल पारा सर्वांत भयंकर समजला जातो. अन्नातून आलेल्या मिथिल पाऱ्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग शरीरात शोषला जातो. तो वारेतून गर्भापर्यंत जातो व वाढत्या मेंदूला इजा करतो.

घरात ही तिन्ही रूपे वेगवेगळ्या वाटांनी शिरतात. त्या वाटा ओळखल्या म्हणजे निम्मे काम झाले.

थर्मामीटर फुटला तर

ताप मोजण्याच्या काचेच्या नळीत सुमारे १ ग्रॅम पारा असतो. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या उभ्या यंत्रात तो शंभर ग्रॅमच्या आसपास असू शकतो. नळी फुटली म्हणजे गृहिणी सवयीने केरसुणी घेते. परंतु तेथेच चूक होते. केरसुणीने एका मण्याचे शेकडो सूक्ष्म कण होतात व ते सर्वत्र विखुरतात. कण जितके अधिक, तितका हवेशी संपर्क अधिक आणि वाफही अधिक. विजेवर चालणारे धूळ ओढण्याचे यंत्र तर ही वाफ साऱ्या घरभर फेकते. जमिनीलगत ही वाफ अधिक असते व रांगती मुले तेथेच श्वास घेतात. म्हणून त्यांना धोका सर्वाधिक असतो.

अशा प्रसंगी पुढील क्रमाने वागावे. मुले, गर्भवती स्त्रिया व पाळीव प्राणी यांना प्रथम खोलीबाहेर न्यावे. खिडक्या उघडाव्यात, आतले दार लावावे व पंखा बंद ठेवावा. हातांतील अंगठ्या व बांगड्या उतरवाव्यात, कारण पारा सोन्याला लागताच त्याच्याशी एकजीव होतो व दागिना पांढरा पडतो. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी मणी एकमेकांकडे सरकवावेत व औषधाच्या ड्रॉपरने उचलावेत. उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत. दिवा मालवून बॅटरीचा प्रकाश जमिनीलगत आडवा टाकल्यास लपलेले कण चमकून दिसतात. सर्व पारा, काचा व वापरलेले साहित्य घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करावे. तो मोरीत वा शौचकूपात ओतू नये, केरात टाकू नये आणि कोणत्याही परिस्थितीत जाळू नये. पारा लागलेले कपडे धुण्याच्या यंत्रात घालू नयेत. बरणी स्थानिक नगरपालिकेच्या अथवा महानगरपालिकेच्या घातक कचरा संकलनाकडे सोपवावी.

सीएफएल दिव्यात ३ ते ५ मिलिग्रॅम इतकाच पारा असतो. तरीही तो फुटल्यास खोली दहा-पंधरा मिनिटे मोकळी ठेवून मगच तुकडे वरीलप्रमाणे उचलावेत. जुन्या नळीदिव्यांच्या काचांशी मुलांनी खेळणे किंवा त्या भंगारात फोडणे धोक्याचे आहे. पारायुक्त दिवे २०१६ पासून ई-कचरा नियमांच्या कक्षेत आले आहेत. त्यांची जागा ई-कचरा संकलन केंद्रात आहे.

गोरेपणाचे मोल

आज घराघरांत पाऱ्याचा सर्वांत मोठा धोका थर्मामीटरमध्ये नसून आरशासमोरच्या डबीत आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याची क्रिया पाऱ्याचे क्षार रोखतात. त्यामुळे काही दिवसांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो व वापरणाऱ्याचा विश्वास बसतो. मात्र तोच क्षार त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाच्या गाळणीवर घाला घालतो. लघवीतून प्रथिने वाहू लागतात, तिला फेस येतो, पायांवर व चेहऱ्यावर सूज चढते.

ही केवळ शंका नव्हे. केरळमधील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडविकाराच्या एका विशिष्ट प्रकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत हा विकार एकाच दुर्मिळ जातीचा आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. महाराष्ट्रातही अकोला येथे २०२२ साली एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला. त्यांनी वापरलेल्या क्रीमच्या तपासणीत पारा आढळल्याची वार्ता पुढे प्रसिद्ध झाली. क्रीमचा वापर वेळीच थांबविल्यास बहुतेक रुग्ण सुधारतात. म्हणूनच निदान लवकर होणे महत्त्वाचे आहे.

भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अजाणता येणाऱ्या पाऱ्यावर दहा लाख भागांत एक भाग इतकी मर्यादा घातली. तथापि निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक अथवा घटकद्रव्ये यांपैकी काहीच न छापलेल्या डब्या बाजारात विकल्या जातात. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी किंवा मर्क्युरियो यांपैकी कोणतेही नाव वेष्टनावर दिसल्यास ती वस्तू घेऊ नये. सोने, चांदी, रबर वा ॲल्युमिनियम यांना क्रीम लावू देऊ नका, अशी सूचना असल्यास तीही पाऱ्याचीच खूण समजावी. अशी क्रीम लावणाऱ्या आईच्या हातांतून, टॉवेलमधून व उशीच्या अभ्र्यातून पारा लहान मुलांपर्यंतही जातो, हे ध्यानात ठेवावे.

कोठी, देव्हारा आणि औषध

वर्षाचे धान्य भरताना कीड लागू नये म्हणून कोठीत पाऱ्याच्या टिकड्या ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. बंद कोठीत पाऱ्याची वाफ साचते. टिकडी फुटली तर पारा धान्यात मिसळतो आणि मुलांच्या हाती लागली तर ती गोळी समजून तोंडात जाते. धान्य कडक उन्हात वाळवून, हवाबंद कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवणे हा जुना उपाय याहून निर्धोक आहे. पाऱ्याच्या मिश्रणाने सोन्याचा मुलामा देणे आणि मुलामा काढण्यासाठी पारा तापविणे हे प्रकार घरात तर सर्वस्वी वर्ज्य मानले पाहिजेत. तापविलेल्या पाऱ्याची दाट वाफ काही तासांत फुप्फुसे निकामी करू शकते. पारद म्हणून विकत घेतलेल्या पूजेच्या वस्तूही उष्णतेपासून दूर ठेवाव्यात.

आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारद व हिंगूळ यांचा वापर आहे आणि त्याचे शोधन-मारणाचे कडक विधी सांगितले आहेत. अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा वेष्टनावर छापणे भारतीय औषध नियमांनी बंधनकारक केले आहे. हा इशारा न वाचता, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अथवा जत्रेतील विक्रेत्याकडून पुडी घेणे म्हणजे संकटास आमंत्रण होय.

याच संदर्भात दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. काही लसींत टिकाऊपणासाठी अत्यल्प प्रमाणात वापरले जाणारे संयुग एथिल पाऱ्याचे असते. ते मिथिल पाऱ्यासारखे साचत नाही, शरीरातून लवकर बाहेर पडते. त्यास्तव बालकांचे लसीकरण कदापि टाळू नये. तसेच दातांत पूर्वी भरलेले चांदीच्या रंगाचे भरण केवळ भीतीपोटी उकरून काढू नये. उकरतानाच अधिक वाफ सुटते.

मिनामाता व इराकचा धडा

जपानमधील क्युशू बेटावर मिनामाता हे मच्छीमारांचे गाव आहे. तेथील रासायनिक कारखाना १९३२ पासून पारायुक्त सांडपाणी सोडीत होता. त्यातील मिथिल पारा प्रथम सूक्ष्म जीवांत, नंतर लहान माशांत, पुढे मोठ्या माशांत साचत गेला. आधी गावातील मांजरे झिंगल्यासारखी नाचून मेली. पाठोपाठ माणसांचे हातपाय बधिर होऊ लागले, दृष्टी आकुंचित झाली, वाचा अडखळली. कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी या अज्ञात रोगाची अधिकृत नोंद करविली. कुमामोटो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ साली सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. तरीही तेथील शासनाने कारण मान्य करण्यास सप्टेंबर १९६८ उजाडला. या विलंबाची किंमत दोन हजारांहून अधिक अधिकृत रुग्णांनी मोजली. सर्वांत हृदयद्रावक गोष्ट अशी की, स्वतः जवळजवळ निरोगी दिसणाऱ्या मातांच्या पोटी मेंदूची गंभीर इजा झालेली बालके जन्मली.

इराकमध्ये १९७१-७२ साली याहून वेगळ्या वाटेने तेच विष घरात शिरले. पेरणीसाठी आलेल्या गव्हा-सातूच्या बियाण्यास मिथिल पारा चोळलेला होता व इशारा म्हणून ते लालसर रंगविले होते. पोत्यांवरील सूचना परकीय भाषांत होत्या. भुकेल्या कुटुंबांनी दाणे धुतले, रंग निघून गेला आणि विषही गेले असे समजून त्याची भाकरी केली. ६,५३० लोक रुग्णालयांत दाखल झाले व ४५९ दगावले. रंग गेला, विष राहिले. महाराष्ट्रातही उसाच्या बेण्यासाठी पारायुक्त बुरशीनाशक वापरले जात असे. त्यावर भारत सरकारने २०१८ साली बंदी घातली. जुन्या साठ्यातील डबे शिल्लक असतील तर ते कृषी खात्याच्या निदर्शनास आणावेत. प्रक्रिया केलेले कोणतेही बियाणे धुऊन खाण्यायोग्य होत नाही, हे प्रत्येक शेतकरी कुटुंबाने लक्षात ठेवावे.

कोकण व गोव्यातील जनतेने यावरून मासे वर्ज्य करण्याचे कारण नाही. मासळी हा उत्तम आहार आहे. तारली, बांगडा, मांदेली, बोंबील यांसारख्या लहान व अल्पायुषी मासळीत पारा कमी साचतो. मोठी मुशी व तलवार मासा हे इतर मासे खाऊन दीर्घकाळ जगणारे मासे गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी टाळावेत, एवढाच विवेक पुरे.

लक्षणे व उपचार

हातांना कंप, निद्रानाश, विसराळूपणा, अकारण चिडचिड व हिरड्यांची सूज ही वाफेच्या दीर्घ संपर्काची लक्षणे आहेत. फेसाळ लघवी व सूज क्षारांची, तर ओठांभोवतीची व बोटांची बधिरता, तोल जाणे आणि दृष्टीचा संकोच ही मिथिल पाऱ्याची चिन्हे होत. अशा वेळी डॉक्टरांना घरातील थर्मामीटर, क्रीम, पुड्या यांची माहिती आपण होऊन सांगावी. वाफ व क्षार यांसाठी लघवीची, तर मिथिल पाऱ्यासाठी रक्ताची तपासणी उपयोगी पडते. पारा गिळला गेल्यास ओकारी काढू नये. काच पोटात गेली नाही ना, याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी.

कायदा आणि नागरिक

मिनामाताच्या स्मृतीने ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय करार १० ऑक्टोबर २०१३ रोजी स्वीकारण्यात आला व १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. भारताने १८ जून २०१८ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. पारायुक्त थर्मामीटर व रक्तदाबमापकांची निर्मिती व व्यापार थांबविण्यासाठी या करारात २०२० ही मुदत ठरविण्यात आली व मागणी करणाऱ्या देशांना मर्यादित मुदतवाढीची सोय ठेवण्यात आली.

तथापि करार नव्या वस्तूंची निर्मिती रोखू शकतो. घराच्या खणात वर्षानुवर्षे पडलेला जुना थर्मामीटर, कपाटातील अनामिक क्रीम व कोठीतील टिकडी यांपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. ते काम कुटुंबाचेच आहे. घरातील काचेचा थर्मामीटर फुटण्याची वाट न पाहता त्याऐवजी डिजिटल थर्मामीटर आणणे, निनावी क्रीम न घेणे आणि कोठीतील टिकडी काढून सुरक्षित रीतीने सोपविणे, ही तीन कामे एका दिवसात होण्याजोगी आहेत. त्यांना खर्च थोडा आहे. मूत्रपिंडाच्या आजाराचा व बालकाच्या खुंटलेल्या बुद्धीचा खर्च मात्र आयुष्यभर फिटत नाही.