जंत नाहीत, नाटक नाही. लेकराला धास्ती आहे

दसरा उलटला की पाटोद्यातल्या माझ्या दवाखान्यात आजी-आजोबांची गर्दी वाढते. दुखणं त्यांचं नसतं, बोटाला धरून आणलेल्या नातवंडाचं असतं. तक्रारही ठरलेली: "साहेब, सकाळी उठलं की पोट दुखायलंय म्हणतंय. शाळेची वेळ टळली की हुंदडायलंय. जंत झालेत का बघा, नाहीतर एक इंजेक्शन टोचा, नाटकं तरी बंद होतील." मी विचारतो, याचे आईबाप कुठे आहेत? "ऊस तोडायला गेलेत की."

निम्मं निदान इथेच होतं. पण ते सांगितलं की आजी माझ्याकडे संशयाने बघतात. "लेकराला कसलं आलंय टेन्शन? खातंय, पितंय, खेळतंय." हाच समज काढून टाकायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. पोटदुखीला आपल्याकडे दोनच खाने आहेत, जंत किंवा नाटक. भीती आणि काळजी यांनीही पोट दुखतं, खरोखर दुखतं, हे कुणाच्या गावी नसतं.

मोठ्यांचं बघा. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटलेली नाही आणि त्याचा फोन वाजला, की तुमच्या पोटात गोळा येतो, संडासला पळावं लागतं, हातापायांना घाम सुटतो. ते नाटक असतं का? भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. काळीज धडधडतं, आतड्यांची हालचाल बिघडते, पोटात कळ येते. लेकराचं शरीर हेच करतं. फरक एवढाच, की सात-आठ वर्षांच्या पोराला "मला काळजी वाटते" असं सांगता येत नाही. त्याला पोटावर हात ठेवता येतो. शाळेची वेळ टळली की धोका टळतो, म्हणून कळ थांबते. याला लबाडी म्हणू नका.

हे केवळ आपल्याच भागात होतं असंही नाही. जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने ब्रिस्टल भागातली १००० शाळकरी मुलं तपासून १९५८ मध्ये निष्कर्ष मांडले. दर दहांतल्या साधारण एका मुलाचं पोट वारंवार दुखत होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात कुठलाच आजार सापडला नाही. तिथे ना ऊस होता ना कोयता. मुलांच्या मनातला ताण पोटातून बोलतो, हे सगळीकडे सारखंच आहे.

मागे एका हंगामात तिसरीतला एक मुलगा आला होता. त्याआधी त्याला तीनदा जंतांचं औषध पाजून झालं होतं. शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंतांची गोळी मिळते, तीही त्याने घेतली होती. बेंबी सरकली म्हणून कुणीतरी पोट चोळलं होतं. गळ्यात ताईत होता. शेवटी मोठ्या गावी सोनोग्राफी झाली, तिच्यात "पोटात गाठी" निघाल्या आणि घर हादरलं. या गाठींबद्दल एकदा नीट ऐकून घ्या. धडधाकट मुलांच्या सोनोग्राफीतही लहान लहान गाठी दिसतात. ताप नाही, वजन घटत नाही, भूक बरी आहे, तर केवळ त्या कागदावर घाबरून टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या नसतात.

पोराला तपासलं. वजन बरोबर, पोट मऊ. आजींना बाहेर बसवून त्याच्याशी गप्पा मारल्या. आईबाप पहाटे, तो झोपेत असताना, ट्रॅक्टरमध्ये बसून गेले होते. रडारड नको म्हणून. उठला तर घर रिकामं. तेव्हापासून तो रात्री आजीचा पदर मुठीत धरून झोपायचा. शाळेत गेलो आणि तेवढ्यात आजीपण गेली तर? या प्रश्नाने त्याचं पोट दुखत होतं. त्यावर मी कुठली गोळी लिहिणार?

आईवडिलांनो, आता थोडं रागावतो. लेकरू झोपेत असताना निघून जाऊ नका. तुम्हाला वाटतं त्याचं रडणं वाचलं. प्रत्यक्षात त्याची झोप आणि विश्वास दोन्ही गेले. निरोप देताना मूल रडलं तर रडू द्या, ते रडणं निरोगी आहे. "दोन दिवसांत येतो" असं खोटं तर मुळीच सांगू नका. आठवडाभर आधी सांगा: आम्ही कुठल्या कारखान्यावर जाणार, गाडी कधी येणार, तू कुणाजवळ राहणार, पाडव्याच्या सुमाराला परत येऊ. भिंतीवर कॅलेंडर टांगून रोज एक फुली मारायला शिकवा. लहान मुलाला पाच महिने कळत नाहीत, पण उरलेली घरं दिसतात.

आणि हेही ऐका. तुम्ही हौसेने जात नाही, हे मला ठाऊक आहे. मांजरा नदी आपल्याच तालुक्यात उगम पावते, पण आपल्या वावराला तिचा उपयोग किती, हे तुम्ही जाणता. लेकराला मागे ठेवता म्हणून तुम्ही वाईट आईबाप होत नाही. उलट त्याची शाळा तुटू नये म्हणून तुम्ही त्याला ठेवता. फडावर नुसत्या उसाच्या पाचटात झोपायचं असताना रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला दोन मिनिटं फोन करणं अवघड आहे, पण करा. फोनवर "नीट अभ्यास कर, आजीला त्रास देऊ नको" एवढंच बोलू नका. आज काय जेवलास, कुणाशी खेळलास, हे विचारा. रेंज नसेल तर फोन येणार नाही, हेही आधी सांगून ठेवा.

आजी-आजोबांसाठी दोन सूचना. पोट दुखतं म्हटल्यावर मारू नका, आणि घरीही ठेवू नका. आपल्याकडे पहिले दोन दिवस मार आणि मग महिनाभर सुट्टी, असा उलटा प्रकार चालतो. एक दिवस घरी राहिलं की दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होते. "दुखतंय, मला माहीत आहे. थोड्या वेळाने कमी होईल. चल, मी शाळेच्या फाटकापर्यंत येते," एवढं बोला आणि निघा. फारच घाबरलं असेल तर गुरुजींशी बोलून सुरुवातीला दुपारपर्यंत बसू द्या, मग हळूहळू पूर्ण दिवस. आणि सुटायच्या वेळी सांगितल्याप्रमाणे फाटकाशी हजर राहा. भीती ही गल्लीतल्या कुत्र्यासारखी असते, पळालात की मागे लागते. श्वासाचा एक साधा उपाय सोबत करा: नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि फुंकर घातल्यासारखा त्याहून सावकाश सोडायचा. पाच-सहा वेळा, तुम्हीही त्याच्यासोबत.

वर सांगितलेल्या पोराचं असंच केलं. आईने रोज रात्री फोन सुरू केला, बाईंनी त्याला वर्गाची हजेरीवही आणायचं काम दिलं. काही आठवड्यांत दुखणं बरंच कमी झालं. एकदम गेलं नाही, परीक्षेच्या वेळी परत आलं. असंच होतं. घाबरू नका.

आता माझा संयम सुटतो ती गोष्ट. काही घरांत आजीला मिळालेली झोपेची गोळी अर्धी करून लेकराला दिली जाते. काही जण मेडिकलमधून गुंगी येणारं खोकल्याचं औषध आणतात, "शांत झोपतं" म्हणून. मुलाचा श्वास मंदावू शकतो, जीव जाऊ शकतो. मोबाईलवरचा कुणी "ही नस दाबा, भीती गायब" सांगतो, कुणी बुद्धिवर्धक सिरप विकतो, कुणी ताकदीचं सलाईन लावतो. सलाईनमध्ये मीठपाणी किंवा साखरपाणी असतं, धीर नसतो. बाहेरचं झालंय म्हणून लेकराला मारणं, बांधणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलगी गप्प झाली, दचकायला लागली, की "लग्न लावून टाका, सुधारेल" असा सल्ला देणारे शहाणेही कमी नाहीत. तिची भीती बहुतेक वेळा त्याच लग्नाची असते. नवी जोडी झाली की ऊसतोडीला नवा कोयता मिळतो, हे तिला तुमच्याइतकंच कळतं. अठरा वर्षांच्या आतलं लग्न हा उपचार नव्हे, गुन्हा आहे.

सगळी पोटदुखी मनाची असते, असा उलटा अर्थही काढू नका. यांतलं काही दिसलं तर आधी डॉक्टर: झोपेतून उठवणारी कळ, बेंबीपासून दूर, विशेषतः उजव्या बाजूला खाली दुखणं, ताप, हिरवी किंवा वारंवार उलटी, संडासातून रक्त, लघवीला जळजळ, घटणारं वजन. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं तर मुलाला लाजवू नका. पण सोबत खूप तहान, सारखी लघवी आणि वजन कमी होणं असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा.

मनाच्या बाजूची लक्षणं वेगळी. चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ शाळा बंद, रोज रात्री दचकून उठणं, खेळ आणि मित्र सुटणं, एखाद्या ठरावीक माणसाला बघून थरथरणं. शेवटच्या लक्षणावर "काका लाड करतात" म्हणून पांघरूण घालू नका. मुलाशी एकांतात बोला आणि त्याच्यावर विश्वास ठेवा. "मी मेलेलं बरं" असं मूल म्हणालं, तर ते धमकी देतंय असं समजून हसू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि आजपासूनच फवारणीचं औषध कुलपात ठेवा. कपाशीच्या गावात ते खाटेखाली पडलेलं मी बघतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

मदत लांब आहे, पण आहे. सुरुवात आपल्या ग्रामीण रुग्णालयापासून करा. तिथून पुढे बीडचं जिल्हा रुग्णालय, किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग. मनाच्या डॉक्टरकडे गेलं म्हणजे पोर वेडं ठरत नाही. बहुतेक मुलांना गोळीही लागत नाही, बोलणं आणि सराव पुरतो. ज्यांना लागते त्यांना ती तज्ज्ञच देतील, मेडिकलवाला नाही. बीडचं भाडं परवडत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कुणी मुलाला छळत असेल किंवा मुलीचं लग्न उरकायला निघालं असेल, तर १०९८. दोन्ही नंबर भिंतीवर लिहून ठेवा. मुकादमाचा नंबर जिथे खडूने लिहिलाय, त्याच्या अगदी शेजारी.