आधी भिंत मोज, मग वॅट विचार

मनू, जावईबापूंनी पाठवलेली ती नऊ चॅनेलच्या रिसीव्हरची जाहिरात पाहिली. मशीन देखणं आहे, वादच नाही. पण अगं, तुमच्या परळच्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलाय. पाठीमागचे स्पीकर ठेवणार कुठे, शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात? हे मी त्यांना तोंडावर सांगितलं तर मेव्हणी मोडता घालतेय असं व्हायचं. म्हणून तुझ्या कानात सांगते, पुढे गळी कसं उतरवायचं ते तुझं तू बघ.

आधी मेजर टेप काढ आणि खोली मोज. पुनर्विकासातली घरं मोठी झाली हे खरं. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं, म्हणजे चैनच. पण त्यात दोन बेडरूम, स्वयंपाकघर, दोन संडास-बाथरूम बसवल्यावर हॉल उरतो तो उरतोच. तुमचाही त्यातलाच. टीव्हीपासून सोफा आठ-नऊ फुटांवर, आणि सोफ्यामागे झाडू घालायलाही जागा नाही. अशा हॉलला ५.१ पुरतं. पुढे डावा-उजवा, टीव्हीखाली मधला, सोफ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कानापेक्षा थोडे वर दोन, आणि एक सबवूफर. झालं. घ्यायचा तर सात चॅनेलचा रिसीव्हर घे, म्हणजे उरलेल्या दोन चॅनेलवर पुढेमागे छताजवळ डॉल्बी ॲटमॉसचे, म्हणजे वरून आवाज देणारे, दोन स्पीकर लावता येतील. नऊ चॅनेलचे पैसे मात्र देऊ नकोस.

आता गेमिंगचं. इथेच दुकानदार सगळ्यात जास्त गोंधळ घालतात, म्हणून जरा सावकाश वाच.

रिसीव्हरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘८के’ आणि ‘एचडीएमआय २.१’ लिहिलेलं असतं. जुन्या एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जायचे, २.१ मधून ४८ पर्यंत जाऊ शकतात. तुझ्या पीएस फाइव्हला ४के चित्र १२० हर्ट्झवर दाखवायचं तर हा रुंद रस्ता लागतो. पण त्याआधी एक विचार, तुमचा टीव्ही १२० हर्ट्झचा आहे का? ६० हर्ट्झचा असेल तर रिसीव्हरवर कितीही स्टिकर असोत, ४के १२० चित्र दिसायचं नाही. टीव्हीच्या माहितीपत्रकात ‘नेटिव्ह’ म्हणून जो आकडा दिलेला असतो तो बघ. ‘मोशन रेट’ वगैरे नावाखाली जे दुप्पट-चौपट आकडे छापतात, ते सोडून दे.

आणि टीव्ही १२० हर्ट्झचा निघाला, तरीही माझं म्हणणं हेच की पीएस फाइव्ह सरळ टीव्हीला जोड. चित्र टीव्हीत जाऊ दे आणि आवाज टीव्हीच्या ‘ई-आर्क’ लिहिलेल्या भोकातून एचडीएमआयच्या वायरने रिसीव्हरकडे येऊ दे. ई-आर्कमधून सात-आठ चॅनेलचा न दाबलेला आवाजही येतो, डॉल्बी ॲटमॉससुद्धा येतो. म्हणजे रिसीव्हरला चित्राशी काही घेणंदेणंच उरत नाही. उद्या चित्राचं नवं मानक आलं तर टीव्ही बदलेल, रिसीव्हर बदलावा लागणार नाही. वर गेम खेळताना चित्राच्या वाटेत एक मशीन कमी.

फक्त दोन खोचा ध्यानात ठेव. बऱ्याच टीव्हींना एचडीएमआय २.१ ची दोनच भोकं असतात आणि त्यातलंच एक ई-आर्कचं असतं. तुझं एक पीएस फाइव्ह आहे, तोवर चिंता नाही. पण जावईबापूंनी उद्या एक्सबॉक्सही आणला तर भोकं कमी पडतील, आणि मग मात्र २.१ वाला रिसीव्हर कामाचा ठरेल. एक्सबॉक्स आणणार की नाही, हे त्यांच्याकडून आधीच वदवून घे. दुसरं म्हणजे, टीव्ही जुना असून त्याला ई-आर्क नसेल, नुसतं आर्क असेल, तर पीएस फाइव्हचा ‘लिनिअर पीसीएम’ आवाज त्यातून दोनच चॅनेलचा जातो. मग पाच स्पीकर लावूनही मागचे मुके राहतात आणि माणूस दुकानदाराशी भांडत बसतो. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन डॉल्बी निवडायचं. डीटीएस नको, कारण कित्येक टीव्ही ते पुढे सोडतच नाहीत.

सिनेमाचं त्या मानाने सोपं आहे. ओटीटीवर ॲटमॉस येतं ते डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, आणि ते साध्या आर्कमधूनही जातं. ई-आर्कची खरी गरज ब्लू-रे लावणाऱ्यांना आणि तुझ्यासारख्या गेम खेळणारीला.

जावईबापू कुणाचा तरी वापरलेला रिसीव्हर स्वस्तात घ्यायचं म्हणत होते ना? हरकत नाही, पण साल विचारा. २०२० मध्ये एचडीएमआय २.१ चे पहिले रिसीव्हर बाजारात आले, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये एकाच बनावटीची चिप होती आणि एक्सबॉक्स सीरिज एक्सचं ४के १२० चित्र त्यातून जाताना पडदा काळा पडायचा. पीएस फाइव्हला तो त्रास नव्हता. त्या कंपन्यांनी नंतर उपाय काढले, पण जुन्या मशीनवर ते झालेत की नाही हे विकणारा सांगेलच असं नाही. तू टीव्हीतून जोडणार असशील तर हा प्रश्नच येत नाही. तेवढ्यासाठी जुनं मशीनही चालेल.

आणि न्यू जर्सीहून दादा आणतोय म्हणाला, त्याला नम्रपणे नको सांग. अमेरिकेत विकला जाणारा रिसीव्हर ११०-१२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे बेस्टची वीज २३० व्होल्टची. सरळ प्लग लावलास तर पहिल्याच दिवशी धूर निघेल. ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तो स्वतः तापतो, गुणगुणतो, जागा खातो, आणि बिघडलं की इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटी मानत नाही. दादाला म्हणावं गेम आण, चॉकलेट आण.

वॅटवरून तर घरोघरी वाद असतात. आपल्या लहानपणी टेपरेकॉर्डरवर हजार वॅट पीएमपीओ लिहिलेलं असायचं आणि बाबा कौतुकाने पाहुण्यांना वाचून दाखवायचे, आठवतंय? आता पीएमपीओ गेलं, पण आकड्यांची हौस गेली नाही. माहितीपत्रकात १४० वॅट लिहिलेलं असतं ते एकच चॅनेल चालवून, ६ ओहमवर मोजलेलं. तू ‘८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन चॅनेल’ अशी ओळ शोध. तिथे तेच मशीन ऐंशी-नव्वदवर आलेलं दिसेल, आणि तुलना करायची ती त्या आकड्यांची. पण त्यातही जीव अडकवू नकोस. ताकद दुप्पट झाली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ८० वॅट आणि १०० वॅट यांत फरक जेमतेम १ डेसिबलचा, कानाला कळणारही नाही. नऊ फुटांवरून तू सिनेमा बघशील तेव्हा साधारण आवाजाला एखाद-दोन वॅटच खर्च होतात. बाकी सगळे वॅट स्फोटासाठी राखलेले. आणि स्फोट रात्री साडेदहाला झाला तर तुमच्या इमारतीत काय होईल ते मी सांगायला नको. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यातच आहे. गणपतीत लालबाग-परळ ती विसरतं ही गोष्ट वेगळी, पण खालच्या मजल्यावरच्या आजी तुझ्या गेमसाठी विसरतील असं वाटत नाही.

खरा वैरी म्हणजे सबवूफर. बाकी आवाज दार लावलं की बराचसा थांबतो, घुमारा मात्र स्लॅबमधून उतरतो. सबवूफर सरळ फरशीवर ठेवू नकोस, खाली जाड रबर किंवा फोमची गादी घाल, आणि सामाईक भिंतीच्या कोपऱ्यात तर नकोच. रिसीव्हर निवडताना त्यात रात्रीची सोय कशी आहे ते मुद्दाम चालवून बघ. कुणी तिला नाइट मोड म्हणतं, कुणी डायनॅमिक व्हॉल्यूम. मोठे आवाज खाली आणायचे, कुजबुज वर उचलायची, एवढंच तिचं काम. आपल्यासारख्या वस्तीत ही सोय वॅटपेक्षा मोलाची. तू एकटी रात्री खेळत बसलीस तर हेडफोन लाव बाई.

मधल्या स्पीकरवर मात्र हात आखडू नकोस. गिरगावात मॅजेस्टिकला १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ लागला, हिंदुस्थानातला पहिला बोलपट, तेव्हा लोटलेली ती गर्दी पडद्यावरचं माणूस बोलतं कसं ते ऐकायला आली होती. आजही तेच. नट पुटपुटतो, पाठीमागे संगीत ढणढणतं, आणि सासूबाई विचारतात, “काय म्हणाला गं तो?” सिनेमातले संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. रिसीव्हरमध्ये तेवढ्या एका स्पीकरचा आवाज दोन-तीन डेसिबल वाढवता येतो. मालिकांचा आवाज मात्र बहुतेक दोन चॅनेलचा असतो. त्यासाठी ‘डॉल्बी सराउंड’ चालू केलंस की बोलणं मध्ये येऊन बसतं. सासूबाईंना मालिका नीट ऐकू आल्या की या खरेदीला घरात विरोध उरणार नाही, हा माझा अनुभवाचा सल्ला. आणखी एक, एचडीएमआय-सीईसी चालू ठेव, म्हणजे त्यांच्या हातात टीव्हीचा एकच रिमोट पुरेल.

पैशाचं गणित माझं असं आहे की सगळ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून फार जास्त रिसीव्हरवर जाऊ नये. रिसीव्हर सात-आठ वर्षांत जुना होतो, चांगले स्पीकर वीस वर्षं ऐकवतात. कंपनी कोणती, यावर मी डोकं शिणवणार नाही. डेनॉन, यामाहा, सोनी, ऑन्क्यो, ज्याचं सर्व्हिस सेंटर मुंबईत धड चालू आहे तो घ्या.

ठेवायची जागा आत्ताच ठरव. रिसीव्हर तापतो, चांगलाच तापतो. शोकेसच्या बंद कप्प्यात कोंडलास तर दोन उन्हाळ्यांत रडायला लागेल. वर निदान चार-सहा इंच मोकळी हवा हवी. आणि आपल्या घरांत कुठलीही सपाट जागा रिकामी राहत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल नको, फुलदाणी नको, बाप्पाही नको. तुमच्या तर खिडकीखालीच मसाल्याचं दुकान. एप्रिल-मेमध्ये डंका सुरू झाला की मिरचीचा खकाणा वरपर्यंत येतो, तो जाळ्यांवर बसून तेलकट धुळीशी घट्ट होतो. मऊ ब्रशने महिन्यातून एकदा झाड. समुद्राच्या हवेने वायरींची तांब्याची टोकंही काळी पडतात, म्हणून टोकांना बनाना प्लग लाव. स्पीकरची वायर लोहार चाळीत घे, पण टोक खरवडून बघ. आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम.

खोक्यात एक छोटा माइक येतो. तो खोलीचं माप घेऊन स्पीकर जुळवतो. सोफ्याच्या पाठीवर ठेवू नकोस, कॅमेऱ्याच्या तिपाईवर कानाच्या उंचीला लाव. पंखा बंद, कुकर बंद, सगळ्यांची तोंडं बंद. पहाटे पाच-साडेपाचला उरकलंस तर उत्तम, पण माइकसाठी मशीन चरचर-घुमघुम आवाज काढतं, म्हणून आवाजाची तक्रार करणाऱ्या आजींना आदल्या दिवशी सांगून ठेव. मग सेटिंगमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ आहे ना ते बघ. मशीन स्वतःहून कधीकधी ‘लार्ज’ करून ठेवतं.

आता दुकान. लॅमिंग्टन रोडला डेमोच्या खोलीत बसवलं की ते लोक हमखास विमान कोसळतानाचा तुकडा लावतात. छाती हादरते, माणूस कार्ड काढतो. तू तो पुरता ऐक, हस, आणि म्हण, “आवाज निम्मा करा, आणि ‘सैराट’ लावा.” त्याचा सिंफनी वाद्यवृंद हॉलिवूडला जाऊन ध्वनिमुद्रित केलाय. हळू आवाजातही व्हायोलिनचा ताफा एकेक करून वेगळा ऐकू येतो का, आणि आर्ची बोलते तेव्हा शब्द स्पष्ट कळतात का, ते बघ. मग तिथल्या तिथे ई-आर्कने टीव्हीला जोडून दाखवायला सांग. जो दुकानदार टाळाटाळ करेल, त्याच्याकडचा चहा पी आणि पुढच्या दुकानात जा. बिल पक्कं घे, त्यावर मशीनचा सिरीयल नंबर लिहून घे, केबल ‘अल्ट्रा हाय स्पीड’ शिक्क्याची आणि स्कॅन करायच्या लेबलाची माग.

आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी सकाळी या, मी ऑपेरा हाउसच्या नाक्यावर भेटते. जावईबापूंना सांग, येताना टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून आणा, भोकांवरची नावं वाचता येतील असा.