शेवटी १४ आणि १५ उलटेच राहतात

प्रश्न : आम्ही चौघे अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून पंधरा ठोकळ्यांचे सरकते कोडे बनवतो आहोत. काही डाव काही केल्या सुटत नाहीत. चूक कुठे शोधावी?
– एक विद्यार्थिनी, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : चूक ठोकळे पिसण्यात आहे. आकडे वाटेल तसे मांडले, तर निम्म्या मांडण्या मुळातच सुटत नाहीत; जॉन्सन आणि स्टोरी यांनी हे १८७९ मध्येच सिद्ध केले. पट ओळीने वाचताना मोठा आकडा लहान आकड्याच्या आधी आला, की ती एक उलटी जोडी. अशा सगळ्या जोड्या मोजा आणि रिकामे घर तळापासून कितव्या ओळीत आहे तो आकडा त्यात मिळवा. बेरीज विषम आली तरच डाव सुटतो. फक्त १४-१५ उलटे असतील आणि रिकामे घर शेवटी असेल, तर १ अधिक १ म्हणजे २, सम. अशा वेळी कोणत्याही दोन ठोकळ्यांची अदलाबदल करा. डाव सुटणारा होतो.

ही तपासणी वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा, स्क्रीनच्या कोडमध्ये मिसळू नका. मग दोघांनी पटाचे नियम आणि दोघांनी स्क्रीन, असे काम वाटता येते. कोड मात्र रोज एकत्र करा.

पुढची पातळी हवी असेल, तर देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ जरूर घ्या, आपल्याच मातीतले गणित आहे! ३५२४ चे अंक उतरते आणि चढते लावून वजाबाकी करत जा : ३०८७, ८३५२, ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत तिथे पोहोचते. किती पायऱ्या लागतील, हे खेळणाऱ्याला ओळखायला लावा.