आदिवासींचे अनारोग्य : संज्ञा आणि कारणमीमांसा

आदिवासी जीवनासंबंधीच्या मराठी लेखनात भूक, आजार आणि बालमृत्यू यांचे उल्लेख वारंवार येतात. समीक्षा मात्र त्यांकडे बहुधा दारिद्र्याच्या वातावरणनिर्मितीचा भाग म्हणूनच पाहते. अनारोग्यासाठी लेखक कोणती संज्ञा योजतो, यावर त्याचे कारण आणि त्याची जबाबदारी कोठे ठेवली जाते हे बरेचसे अवलंबून असते. म्हणूनच हा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

वावर-वांगणी (तत्कालीन ठाणे, आता पालघर जिल्हा) येथील १९९२ च्या आणि मेळघाटातील १९९३ च्या बालमृत्यूंनंतर 'कुपोषण' हा शब्द सार्वजनिक चर्चेत ठळक झाला. 'उपासमार' म्हटले की अन्न कोणामुळे मिळाले नाही, हा प्रश्न लगेच उभा राहतो. 'कुपोषण' हे शरीराच्या अवस्थेचे नाव आहे. वय आणि वजन यांच्या आधारे त्याची श्रेणी ठरविता येते. अशी मोजणी आवश्यकच आहे. तिच्यावाचून कोणत्या बालकाला आधी उपचार हवेत हे कळणार नाही. परंतु मोजमाप म्हणजे कारणमीमांसा नव्हे.

कारणमीमांसेचा वेगळा नमुना गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथात आढळतो. १९४५ च्या वारली उठावाच्या या अनुभवकथनाचा मुख्य विषय आरोग्य नाही. तथापि 'वेठ' आणि 'लग्नगडी' या त्यातील संज्ञा आरोग्याच्या दृष्टीनेही वाचावयास हव्यात. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबणारा माणूस. ज्याचे श्रमच स्वतःचे नाहीत, त्याच्या घरातील भूक ही जमीन, कर्ज आणि श्रम यांच्या संबंधांतून निर्माण झालेली असते.

मेळघाटातील कोरकूंच्या बाबतीत या संबंधांत जंगलाची भर पडते. वनकायद्यांनी जंगलाचा वापर शासकीय नियंत्रणाखाली आणला. १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाने निर्बंध अधिक कडक केले. जंगलातून मिळणाऱ्या अन्नाचा आधार आकुंचित झाला आणि मजुरीसाठी हंगामी स्थलांतर अटळ ठरले. पावसाळ्यात साठविलेले धान्य संपत आलेले, मजुरी थंडावलेली, ओढे भरलेले आणि अतिसार व न्यूमोनिया बळावलेले, अशी सर्व संकटे एकत्र येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्या प्रास्ताविकातच मान्य केले, ही बाब संज्ञेच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

याउलट 'अंधश्रद्धा' हे स्पष्टीकरण कारण मातेच्या मनात शोधते. आजारी बालकाच्या पोटावर डागणी देण्याची प्रथा घातक आहे, यात शंका नाही. परंतु भुमका गावातच असतो आणि बालकाच्या आईची भाषा जाणतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठी बोलणाऱ्या डॉक्टरपुढे आईला आधी भाषांतर करावे लागते, मग दुखणे सांगता येते. हे अंतर न मोजता तिला अज्ञानी म्हणणे शास्त्रीय नव्हे.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरोघर काळजी घेतली. तेथे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. माता त्याच, वस्त्याही त्याच. बदलले ते सेवेचे अंतर. २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने शासकीय नोंदींत न आलेले बालमृत्यू पुढे आणले. त्याचे शीर्षकही सूचक आहे. पानगळ निसर्गक्रमाने होते. 'कोवळी' हे विशेषण तो क्रम मोडल्याची साक्ष देते.

तेव्हा आदिवासीविषयक कोणतीही साहित्यकृती वाचताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : आजाराला नाव कोणी दिले? त्या वाक्यात कर्ता आहे काय? आणि रुग्णाची स्वतःची भाषा संहितेत कोठे ऐकू येते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना साहित्याचा अभ्यास समाजाच्या कारणमीमांसेपर्यंत पोहोचतो.