फॉर्म उघडतो, पण दुरुस्ती का होत नाही?

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाच्या तूर-सोयाबीनच्या नोंदी लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये आहेत. ती फाइल बेसला जोडून फॉर्म तयार केला. नोंदी दिसतात, पण बदलता येत नाहीत. काय चुकले?
– एक वाचक, भालकी (जि. बीदर)

उत्तर : तुमचे काही चुकलेले नाही. बेसला स्प्रेडशीट जोडली की ती फक्त वाचता येते. कितीही सुबक फॉर्म केला तरी लिहिता येत नाही.

नोंदी मोजक्याच असतील तर बेस हवेच कशाला? कॅल्कमध्ये शीर्षकांसह तक्ता निवडा आणि ‘डेटा’ मेनूतला ‘फॉर्म’ उघडा. एका वेळी एकच नोंद समोर येते, तिथेच दुरुस्ती होते.

नोंदी वाढत जाणार असतील, तर मात्र तक्ता कॉपी करून बेसमधल्या नव्या डेटाबेसच्या ‘टेबल्स’मध्ये पेस्ट करा. त्या वेळी प्रायमरी की तयार करण्याचा पर्याय जरूर निवडा. ती नसेल तर पुन्हा हीच अडचण येईल. सर्व्हे नंबरचा रकाना ‘टेक्स्ट’च ठेवा. पहाणी उताऱ्यातला १२/३ शीटमध्ये टाइप करताच तारीख होऊन बसतो! असे झालेले नंबर पहाणी समोर ठेवून आधी सुधारा. गावासाठी फॉर्मवर लिस्ट बॉक्स द्या. आपल्याकडे कन्नड आणि मराठी वळणाने एकाच गावाचे ‘भालकी’ व ‘भाल्की’ होते आणि बेरजा फुटतात.

हिशेब कॅल्कमध्येच करायचा असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एफ४ दाबून डेटा सोर्सेस उघडा आणि टेबल शीटवर ओढा. जुनी फाइल मात्र लगेच पुसू नका.