सीताफळ गर व डाळ प्रक्रियेत धातुशोधक यंत्राची पडताळणी

बीड जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेला आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि बेभरवशाच्या पावसावर तग धरणारे सीताफळ हे या डोंगराळ भागाचे वैभव होय. अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्राने ‘धारूर ६’ हा वाण दिला आणि २०१६ मध्ये बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन लाभले. तथापि हे फळ अतिशय नाजूक आहे. झाडावरून उतरविल्यावर ते थोड्याच दिवसांत पिकते व पिकल्यावर फार टिकत नाही. यास्तव गर काढून तो गोठवून ठेवणे हा फळाचे मोल राखण्याचा उत्तम मार्ग ठरतो. तूर व हरभऱ्याची डाळ तयार करणे, हळद-मिरची कांडणे, हे उद्योगही शेतकरी गट व महिला बचत गट हाती घेऊ लागले आहेत.

शेतमाल जसाच्या तसा विकला जातो तोवर निवडून-पाखडून घेण्याचे काम ग्राहक स्वतः करतो. तोच माल पिशवीत बंद होऊन गेला म्हणजे ही जबाबदारी उत्पादकावर येते. गरात राहिलेला तारेचा तुकडा गृहिणीच्या दृष्टीस पडत नाही. तो थेट मुलाच्या तोंडात जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ७ ते २५ मिलिमीटर लांबीची कठीण वा धारदार वस्तू खाद्यपदार्थात आढळणे धोक्याचे मानले आहे. तान्ही मुले, वृद्ध आणि शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांना तर त्याहून लहान कणही अपाय करू शकतो. आपल्याकडे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाच्या कलम ५४ अन्वये, बाह्य पदार्थ असलेले अन्न विकणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या धोक्यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी धातुशोधक यंत्र बसविले जाते. परंतु यंत्र बसविले म्हणजे माल सुरक्षित झाला, ही समजूत चुकीची आहे. जे यंत्र नियमाने तपासले जात नाही, ते केवळ समाधान देते. संरक्षण देत नाही.

धातू मालात कोठून येतो

धातूचा शिरकाव शेतापासूनच सुरू होतो. मळणी यंत्राचा ढिला झालेला नट वा वॉशर, पेंढ्या बांधण्याची तार आणि खळ्यावर पडलेला खिळा धान्याबरोबर पोत्यात जातात. पोते शिवताना दाभणाचे टोक मोडते व ते तेथेच राहते. पुढे कारखान्यात चाळणीची तार तुटते, कांडण यंत्राचे हातोडे झिजतात, गर काढण्याच्या यंत्रातील जाळी फाटते. यंत्र दुरुस्त करताना पडलेला वितळजोडाचा कण अथवा बोल्ट उचलण्याचे राहून जाते. गर काढणाऱ्या हातांतील बांगड्या, अंगठी, केसांतील आकडे, पदराची पिन यांकडेही दुर्लक्ष होता कामा नये. हे दागिने कामाच्या वेळी उतरवून ठेवावेत व कामाच्या कपड्यांस पिनऐवजी बंद असावेत.

यंत्राचे कार्य

यंत्राच्या चौकटीत तारेची तीन वेटोळी असतात. मधल्या वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह सोडून चुंबकीय क्षेत्र निर्माण केले जाते. दोन्ही बाजूंची वेटोळी ते सारख्याच प्रमाणात ग्रहण करतात. तराजूची दोन्ही पारडी समान असावीत, तशी ही स्थिती असते. धातूचा कण आत शिरताच हा समतोल ढळतो, यंत्र सूचना देते आणि पट्ट्यावरील ती पिशवी बाजूला सारली जाते.

सर्व धातू सारख्याच सुलभतेने सापडत नाहीत. लोखंड चुंबकीय असून विद्युत्वाहकही असल्याने ते लवकर सापडते. पितळ व अ‍ॅल्युमिनियम चुंबकीय नसले तरी उत्तम वाहक आहेत. अन्नप्रक्रियेच्या यंत्रांत सामान्यतः वापरले जाणारे स्टेनलेस स्टील मात्र जवळजवळ चुंबकीय नसते व वाहकही सुमार असते. म्हणून ते सर्वांत अवघड. गर काढण्याच्या यंत्राची जाळी, पाती व चमचे बहुधा याच धातूचे असतात, हे विशेष ध्यानात ठेवावे. केवळ लोखंडी तुकड्याने यंत्र तपासणे म्हणजे सोप्या प्रश्नावर विद्यार्थ्यास उत्तीर्ण करण्यासारखे आहे.

यंत्र चांगले असूनही जागेमुळे कसे फसते, याचे एक जुने उदाहरण प्रसिद्ध आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशाच समतोल वेटोळ्यांचे उपकरण तयार केले. पूर्वचाचणीत ते चालले होते. रुग्णाच्या खाटेवर मात्र त्याचा निष्कर्ष निघेना. बिछान्यातील पोलादी तारांनी गोंधळ केला, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. तात्पर्य, यंत्र कारखान्यातून तपासून आले एवढ्याने भागत नाही. ते आपल्या जागी, आपल्या पट्ट्यावर आणि आपल्याच मालासह तपासले पाहिजे. यंत्राच्या तोंडाजवळ हलते लोखंडी भाग, वितळजोडाचे काम वा मोठी मोटार असू नये.

मालाचाही परिणाम होतो

कोरडी डाळ यंत्रातून निमूटपणे जाते. सीताफळाचा गर मात्र ओला असल्याने विद्युत्प्रवाहास वाट देतो व धातू नसतानाही यंत्राला थोडी सूचना मिळते. गोठलेल्या गरात ही सूचना बरीच कमी होते. म्हणून गोठलेल्या गरासाठी बसविलेल्या मापावर अर्धवट वितळलेला गर सोडला, तर चांगल्या पिशव्याही बाजूला पडू लागतात. अशा वेळी काम अडू नये म्हणून यंत्राची संवेदनशीलता उतरविण्याचा मोह कामगारास होतो. खरा धोका येथेच आहे, कारण त्यानंतर धातूही निर्वेध जातो. यास्तव मालाचे तापमान एकसारखे राखावे, प्रत्येक मालासाठी स्वतंत्र माप ठरवावे आणि ते बदलण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा.

अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेल्या पिशवीत माल भरायचा असल्यास तो भरण्यापूर्वीच यंत्रातून काढावा. तसेच खडे, काच, लाकूड व प्लास्टिक या यंत्रास दिसत नाहीत. जात्याला टाकी लावल्यावर सुटणारी दगडाची कच चाळून व झाडूनच काढावी लागते.

चाचणी कशी घ्यावी

चाचणीसाठी लोखंड, पितळ व स्टेनलेस स्टील यांच्या ठराविक व्यासाच्या गोळ्या बसविलेले, प्रमाणित चाचणी तुकडे मिळतात. गोळीचा व्यास यंत्राचे तोंड व मालाचा प्रकार यांवर ठरतो. उदाहरणार्थ, लोखंड १.५, पितळ २ व स्टेनलेस स्टील २.५ मिलिमीटर असे माप एखाद्या कोरड्या मालासाठी ठरू शकेल. ओल्या मालास गोळी मोठी लागते. चाचणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. प्रथम धातुविरहित चांगली पिशवी सोडावी. यंत्राने सूचना देता कामा नये.

२. नंतर लोखंडाचा तुकडा पिशवीसह सोडावा. तो पिशवीच्या पुढील टोकास, मध्यभागी व मागील टोकास ठेवून तीन वेळा चाचणी घ्यावी.

३. तुकडा यंत्राच्या तोंडाच्या मध्यातून जाईल असे पाहावे. चौकटीच्या कडेजवळ क्षेत्र प्रबळ असते व मध्यात सर्वांत दुर्बल. कडेने सोडलेला तुकडा सहज सापडतो, पण त्यावरून मध्याची खात्री होत नाही.

४. हीच कृती पितळ व स्टेनलेस स्टीलच्या तुकड्यांनी करावी.

५. दिवा लागला वा घंटी वाजली यावर संतुष्ट राहू नये. पिशवी प्रत्यक्ष बाजूला पडून कुलूपबंद पेटीत गेली, तरच चाचणी यशस्वी समजावी.

६. तुकडे लावलेल्या दोन पिशव्या लागोपाठ व त्यांच्यामागे एक चांगली पिशवी सोडावी. दोन्ही सदोष पिशव्या बाजूला पडल्या पाहिजेत व चांगली पुढे गेली पाहिजे.

७. शेवटी चाचणीचे सर्व तुकडे मोजून परत घ्यावेत. चाचणीच्या पिशवीस ठळक रंगाची खूण असावी. अन्यथा चाचणीचाच तुकडा बाजारात जावयाचा.

गोळी सर्व बाजूंनी सारखी असते, तार तशी नसते. गोळीपेक्षा बारीक तार विशिष्ट दिशेने आडवी वा उभी पडली तर ती लांब असूनही निसटू शकते. म्हणून चाळण्या व जाळ्या दररोज कामापूर्वी आणि कामानंतर पाहणे हे यंत्राइतकेच अगत्याचे आहे.

चाचणी केव्हा घ्यावी व फसल्यास काय करावे

कामाच्या आरंभी, दर तासाला, माल बदलताना, दुरुस्तीनंतर, वीज जाऊन परत आल्यावर आणि दिवसाचे काम संपताना चाचणी घ्यावी. शेवटची चाचणी कित्येकदा गाळली जाते. वस्तुतः अखेरच्या तासाच्या मालाची ग्वाही तीच देते.

चाचणी फसली असता यंत्र दुरुस्त करून काम पुढे चालू करणे पुरेसे नाही. मागील यशस्वी चाचणीपासून आतापर्यंत निघालेला सर्व माल संशयित समजावा. समजा, तासाला २०० पिशव्या निघतात. दर तासाला चाचणी होत असेल तर २०० पिशव्या पुन्हा तपासाव्या लागतील. चाचणी फक्त सकाळी व आठ तासांनी सायंकाळी होत असेल, तर १६०० पिशव्या संशयित ठरतील, आणि त्यांतील काही तोवर वाहनात चढून गेल्याही असतील. तासागणिक चाचणीस लागणारी काही मिनिटे वाया जातात असे मानणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

संशयित माल वेगळ्या जागी, खूण करून ठेवावा व यंत्र पुन्हा चाचणीस उतरल्यावर त्यातून फिरवावा. पेटीत पडलेली प्रत्येक पिशवी उघडून धातू शोधावा. सापडलेला तुकडा कागदावर चिकटवून, तारीख घालून जपून ठेवावा. तो कोणत्या यंत्राचा आहे हे ओळखले म्हणजे मूळ दोष सापडतो. सदोष माल बाजारात गेला असल्यास तो परत बोलाविण्याची रीत २०१७ च्या अन्न परत-मागणी विनियमांत घालून दिली आहे. पिशवीवर तुकडी क्रमांक असेल तरच हे काम साधते.

नोंदवही

तारीख, वेळ, मालाचे नाव, तुकडी क्रमांक, तिन्ही धातूंचे निकाल, केलेली उपाययोजना व सही एवढे रकाने पुरेत. नोंद चाचणीच्या वेळीच करावी. सायंकाळी बसून दिवसभराचे रकाने एकदम भरणे म्हणजे नोंदवही नसण्यापेक्षाही वाईट, कारण त्यामुळे फसलेली चाचणी कायमची झाकली जाते.

लहान उद्योगांसाठी

ज्या गटास धातुशोधक यंत्र परवडत नाही, त्याने निदान धान्य ओतण्याच्या जागी व तयार मालाच्या वाटेवर शक्तिमान लोहचुंबक बसवावेत. ते दररोज पुसून, सापडलेला कीस नोंदवावा. कीस एकाएकी वाढला तर यंत्राचा एखादा भाग झिजत असल्याचे समजावे. चुंबक पितळ वा स्टेनलेस स्टील धरून ठेवण्यास भरवशाचा नाही, याचा मात्र विसर पडू देऊ नये.

बीडच्या सीताफळाने डोंगरावरील कष्टकऱ्यांच्या श्रमातून नाव मिळविले आहे. हे नाव कोणा एका कारखान्याचे नसून सर्वांचे आहे. एका पिशवीतील एक तुकडा त्या सर्वांच्या नावास बाध आणू शकतो. तीन लहान गोळ्या, एक नोंदवही आणि दर तासाची काही मिनिटे एवढ्या साधनांनी हे नाव राखता येते. प्रत्येक शेतकरी गटाने येत्या हंगामापूर्वी ही व्यवस्था आपल्या कारखान्यात सुरू करावी, हे इष्ट होय.