टेबल सॉ घेण्याआधी

अमेरिकेत घर घेतलं की पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट लक्षात येते: सुतार लवकर मिळत नाही, आणि मिळाला तर परवडत नाही. मग होम डेपोच्या फेऱ्या सुरू होतात. न्यू जर्सी, डॅलस, शिकागो इथे पंधरा-वीस वर्षं काढलेल्या आपल्या मंडळींशी बोलून हे टिपण केलं आहे. यातले बरेच जण गणपतीचं मखर दरवर्षी गॅरेजमध्ये स्वतः करतात, काहींनी घरामागचा डेक बांधला, एका ताईंनी तर स्वयंपाकघरातली कपाटं केली.

त्या ताईंसकट सगळ्यांचं एकमत असं, की पहिल्या वर्षी टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्याची करवत) घेऊच नका. मखर, भिंतीवरच्या फळ्या, चपलांचा रॅक, एवढ्याला ड्रिल, जिगसॉ, सँडर आणि चार दणकट क्लॅम्प पुरतात. प्लायवूडचा चार बाय आठ फुटांचा तक्ता दुकानातच मापाप्रमाणे कापून मिळतो, नाहीतरी अखंड तक्ता तुमच्या गाडीत मावणार नाहीच. एखाद्याच कामापुरतं हत्यार हवं असेल तर ते भाड्याने मिळतं. काही गावांत तर ते ग्रंथालयातून आणता येतं. बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयात ही सोय 1979 पासून आहे.

टेबल सॉ घ्यायचाच असेल, तर आधी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात सुतारकामाचा वर्ग करा. ‘लहानपणापासून बघतोय की’ हा आपल्याकडचा आत्मविश्वास इथे घात करतो. गावचा सुतार पायाच्या अंगठ्याने फळी दाबून सरसर कापायचा, ते आपण पाहिलेलं असतं. पण हात त्याचे होते, आणि करवत हाताची होती. हात थांबला की तीही थांबायची. टेबल सॉचं दहा इंची पातं मिनिटाला साधारण 4000 फेरे घेतं, म्हणजे दातांची टोकं ताशी 190 किलोमीटरच्या आसपास धावत असतात.

लोक पात्याला घाबरतात, पण खरी भीती किकबॅकची. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात, मागचे दात मात्र वर येत असतात. फळी फेन्सपासून (पात्याला समांतर बसवलेल्या आधाराच्या पट्टीपासून) जरा तिरपी झाली, किंवा कापलेली फट मागे मिटून पात्याला चिकटली, की मागचे दात ती उचलतात आणि थेट तुमच्या पोटाकडे भिरकावतात. त्याच झटक्यात फळीवरचा हात पात्याकडे ओढला जातो. हे टाळण्यासाठी पात्याच्या लगेच मागे एक पोलादी पट्टी असते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती पात्याबरोबर वर-खाली होते आणि फट मिटू देत नाही. गॅरेज सेलमध्ये पन्नास डॉलरला मिळणाऱ्या जुन्या यंत्रांना ही पट्टी बहुधा नसतेच, आणि वरचं गार्डही कुणीतरी केव्हाच काढून टाकलेलं असतं. अशी स्वस्ताई नको.

कापताना पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, जरा बाजूला राहायचं. पातं लाकडाच्या वर दातांपुरतंच काढायचं. फळीला फेन्सचा नाहीतर मायटर गेजचा (आडवं कापताना फळीबरोबर पुढे सरकणाऱ्या आधाराचा) आधार हवाच. नुसत्या हाताने ढकलायची नाही, आणि तुकडा पाडताना दोन्ही आधार एकदमही वापरायचे नाहीत, कारण तुकडा फेन्स आणि पात्याच्या मध्ये अडकतो. अरुंद पट्टी असेल तर पुश स्टिक घ्या. पात्याशेजारी पडलेला तुकडा उचलायला हात नेऊ नका. यंत्र बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या. पातं बदलताना बटण बंद असून भागत नाही, प्लग काढा.

आता कपडे. मंगळसूत्र, ओढणी, बांगड्या, अंगठी, मनगटावरचा गंडा, आदल्या आठवड्यातली राखी, सगळं काढून ठेवा. कुर्ता घालून मखर कापायला उभे राहणारे दरवर्षी निघतात. त्यांना आधी टी-शर्ट द्या. हातमोजे तर मुळीच नकोत. नोव्हेंबरात शिकागोच्या गॅरेजमध्ये बोटं गारठतात हे खरं, पण मोज्याचा धागा पात्यात सापडला की अख्खा हात आत जातो. डोळ्यांना गॉगल आणि कानांना मफ लावा. एमडीएफ कापताना तोंडाला चांगला मास्कही हवा.

पैशांची सोय असेल तर सॉस्टॉपसारखं यंत्र पाहा. पात्यात सोडलेला बारीकसा विद्युत संकेत त्वचेच्या स्पर्शाने बदलतो, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते काही मिलिसेकंदांत थांबवतो. बोटावर ओरखडा उमटतो, ठोकळा आणि पातं मात्र नवीन घ्यावं लागतं. ओल्या लाकडानेही हा ब्रेक लागू शकतो. किकबॅकवर त्याचा उपयोग नाही, म्हणून बाकीचे नियम तसेच राहतात.

भारतातून ड्रिल किंवा ग्राइंडर बॅगेत घालून आणू नका. तिकडे 230 व्होल्ट, इथे 120. नुसता प्लग बदलून चालत नाही. एक्स्टेंशन कॉर्डवरचा गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड; टेबल सॉला 14 किंवा 12 गेजची लागते. दिव्यांच्या माळेची बारीक कॉर्ड लावली तर ती तापते. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही, आपल्याकडे वेल्डिंगच्या दुकानात कुणी काहीही करो. 1978 पूर्वीच्या घरात जुना रंग घासण्याआधी त्यात शिसं आहे का ते तपासून घ्या; लहान मुलं असतील तर नक्कीच. आणि जवसाच्या तेलाने पॉलिश करताना वापरलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा.

बऱ्याच टेबल सॉच्या बटणात काढता येणारी पिवळी चावी असते. काम संपलं की ती खिशात, मुलांच्या हाती लागेल अशी नाही. गणपतीच्या आदल्या रात्री मित्रमंडळी जमलेली, पोरं पायात घुटमळणारी, अकरा वाजलेले आणि एक कमान राहिलेली, अशा वेळी यंत्र सुरू करू नका. कमान पुठ्ठ्याची केली तरी चालते.

इतकं करूनही कापलंच, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या, हात वर धरा आणि 911 ला फोन करा. स्वतः गाडी चालवत निघू नका. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवलात तर तो भाग गोठून निकामी होतो.